नाथाजीच्या बैठकीची घोंगडी

मी घोंगडी बोलतेय. ज्या दिवशी बोलायला हवं होतं, त्या दिवशी मला वाचा नव्हती. आज तरी ऐकून घ्या.

माणच्या माळावरच्या काळ्या मेंढ्यांची मी लोकर. चिंचोक्याची खळ पाजून धुळा धनगरानं मला कोरेगावच्या बाजारात मांडलं. रहिमतपूरकडच्या नाथाजीनं मला उचललं.

"पांघरायला का, पावणं?"

"न्हाई गड्या, बसायला."

रोज सकाळी सोप्यातल्या भिंतीला टेकून नाथाजी माझ्यावर ध्यानाला बसायचा. त्याचं म्हणणं साधं होतं. "बसल्यावर देव आन् उठल्यावर शिव्या, असलं ध्यान काय कामाचं? मोट हाकतानाबी मन तितंच पायजे."

एकदा बैलानं त्याच्या पायावर खूर ठेवला. ओठावर आलेली शिवी त्यानं आवरली. धाकटा भाऊ जोतीराम खदखदून हसला. "दादा, शिवी गिळलीस व्हय? पोट दुखंल!" नाथाजीही हसला.

जोतीराम मनात येईल ते करणारा. शाळा दुसरीत सोडलेली, शब्द एकही पाळलेला नाही. भाऊ बसला की हा हलवायचा. "दादा, दावं कुठं हाय? दादा, चुना कुठं हाय?" शेवटी नाथाजीनं त्याला बेलभंडारा उचलायला लावला. "मी आपसूक उठंपातूर मला हात लावायचा न्हाई, कुणाला लावू द्यायचा न्हाई." पोरानं विचार न करता शपथ घेतली.

त्रेचाळीस सालचा भाद्रपद. नाथाजी तीन दिवस हिवतापानं फणफणला होता. चौथ्या सकाळी तरीही ध्यानाला बसला. आई, अंबूबाई, म्हणाली, "आज निज की रं."

"तापातबी मन तितं ऱ्हातंय का, बघू दे, आये."

त्याच्या अंगाची ऊब माझ्या ओळखीची होती. ही ऊब नव्हती, निखारा होता. मान छातीवर आली. श्वास अडकू लागला. मला कळत होतं. फक्त मलाच.

उन्हं अंगणात आली तशी अंबूबाई म्हणाली, "जोत्या, हलीव त्याला. लय येळ झाला."

जोतीराम सोप्याच्या दारात आडवा उभा राहिला. "न्हाई आये. बेलभंडारा उचललाय मी."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं शब्द पाळला. आणि माझ्यावरचा निखारा हळूहळू विझला. दुपारी त्यानं भीत भीत हात लावला, तेव्हा भाऊ माझ्यापेक्षा गार होता.

गाव लोटला. शेजारच्या बनुबाईनं कपाळ टेकलं. "समाधी लागली गं! बसल्या जागी देवानं नेलं." तेव्हापासून मी पाटावर आहे. वर हळद, कुंकू, नारळ. कोणी बसत नाही, कोणी झटकत नाही. माझ्या लोकरीला कसर लागली आहे.

तेराव्याला जोतीरामनं नारळ भिरकावले. "कसली समाधी? ताप हुता त्येला! म्या दार अडवलं, म्या मारलं!"

"दुःखानं चळलाय," लोक पुटपुटले.

अंबूबाईनं त्याचा हात धरला. "जोत्या, तो बसल्या जागी देवाकडं गेला, येवढं तरी ऱ्हाऊ दे मला. न्हाईतर तुझ्याकडं कुठल्या डोळ्यानं बघू?"

तो गप्प झाला. अजून गप्पच आहे. सकाळी माझ्यासमोर उकिडवा बसतो, डोळे मिटतो. देवाचं नाव त्याला येत नाही. ओठ हलतात ते "दादा, दादा" एवढंच म्हणत.

माझ्या पाया पडायला येता, या. पण घरात कुणी डोळे मिटून बसलं असेल, तर आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघा. देव तेवढ्यानं रागवत नाही.