रुपाबाईच्या हातातला गुडघा

मित्रांनो, मी प्लास्टिकचा एक जुना गुडघा आहे. गुडघा असूनही आयुष्यात एक पाऊल चाललेलो नाही. अकोल्याकडच्या मालेगावात, हाडांच्या डॉक्टर वैजयंतीबाईंच्या टेबलावर बसून माझी सगळी हयात गेली.

कुठल्याशा कारखान्यात मला साच्यात ओतलं. दोन हाडं, मध्ये पांढरी गादी, समोर वाटी आणि सगळं बांधून ठेवणाऱ्या रबरी पट्ट्या. एका बाजूची गादी मुद्दाम झिजलेली दाखवली आहे. तिथं बोट लागलं की माणसं हळूच विचारतात, "असंच झालं काय माह्यं?" पेशंटबरोबर आलेल्या पोरांनी उघडझाप करून करून एकदा माझी पट्टी तोडली, तेव्हा बाईंनी शेजारच्या सायकलवाल्याकडून ट्यूबचा तुकडा लावून घेतला. तो अजून टिकून आहे.

हजारो हात लागले मला. पण ओढ लागून राहिली आहे ती रुपाबाईच्या हातांची.

रुपाबाई मानोऱ्याकडच्या एका तांड्यातली. उभी जवानी ऊसतोडीला गेली. डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढणं, उतरणं, पुन्हा चढणं. साठी उलटली तसे गुडघे बोलू लागले. तिचा मुलगा हेमसिंग तिला मोटरसायकलवर घेऊन आला आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाला, "म्याडम, ऑपरेशनची तारीख देऊन टाका. याडीले मी समजावतो."

आईला बंजारा लोक याडी म्हणतात. ती याडी मागच्या बाकावर पदर सावरून बसली होती.

बाईंनी एक्स-रे पाहिला. मग रुपाबाईला पुढं बोलावलं आणि मला तिच्या हातात दिलं. "उजवा गुडघा असा झिजला हाय. ऑपरेशन करता येते. पण तुमाले काय वाटते, रुपाबाई?"

"याडी काय सांगन?" हेमसिंग म्हणाला.

"थांबा जरा, भाऊ," बाई म्हणाल्या.

रुपाबाई मला वाकवत होती, सरळ करत होती. तिच्या तळव्याला कोयत्याचे घट्टे होते. बऱ्याच वेळानं ती बोलली, "माही बहीण हाय, नानी. तेलंगणात देली तिले. सालातून एकदा पोहरादेवीच्या जत्रेले येते. लहानपणापासून आमी दोघी भुईवर बसून एका ताटात जेवतो. दोन सालापासून मी खुर्चीवर, थे खाली. तिचं ताट अलग, माह्यं अलग. वरून तिचं तोंडबी दिसत नाही मले. नुसतं डोकं दिसते."

हेमसिंगनं मान खाली घातली. तिला हे सलतं, हे घरात कुणाला माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "खरं सांगते, आयका. नवा गुडघा बसवला तर दुखणं बरंच कमी होईल, चालणं सुधारेल. पण भुईवर मांडी घालून बसू नका, असंच मी सांगीन. ऑपरेशन नाही केलं, तर रोजचा व्यायाम, थोडं वजन कमी, अन् लागली तरच गोळी. दुखणं सारं जाणार नाही. झीज वाढत जाईल. भुईवर बसता येईलच, असं वचन मी देत नाही."

"तुमी माह्या जागी असत्या तर?"

"आधी व्यायाम करून पाहिला असता. पण गुडघा तुमचा हाय."

रुपाबाईनं बोटांवर महिने मोजले. "रामनवमीच्या जत्रेले पाच महिने हाय. मंग आधी जत्रा. ऑपरेशनचं मागून पाहू."

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, दाबायची, दहापर्यंत मोजायचं, हे हेमसिंगनं शिकून घेतलं. घरी मोजायचं काम त्यानंच केलं. जत्रेनंतर रुपाबाई आली आणि दारातूनच म्हणाली, "बसली, बाई! अर्धा घंटा बसली. उठाले दोघांनी धरा लागलं. नानी घास हातात धरून रडे."

त्या दिवशी मला पहिल्यांदा खराखुरा गुडघा व्हावंसं वाटलं. भुईला टेकणारा.

पुढच्या पावसाळ्यात मात्र तिला नळापर्यंत जाणंही जड झालं. तेव्हा ती एकटीच बसनं आली आणि पुढच्या खुर्चीत बसली. "आता बदलून टाका. मांडी घालता येणार नाही, थे मले समजते. नानीले फोन करून सांगतलं. थे म्हणे, तू चालत ये फक्त, मीच खुर्चीवर बसन."

अकोल्याला तिचं ऑपरेशन झालं. ती चालू लागली. पण उतरत्या उन्हात नानीसंगची ती भुई आठवते, असं एकदा म्हणाली होती. मग तपासण्या संपल्या आणि तिचं येणं थांबलं.

आता भिंतीवर मोठा पडदा आला आहे. त्यावर रंगीत गुडघा गरगर फिरतो. मी काचेच्या कपाटात असतो, अंगावर धूळ असते. माझी तक्रार नाही. पण कुणी मुलगा पडद्याकडे पाहून भराभरा बोलत असतो आणि त्याची आई मागच्या बाकावर पदर चाळवत असते, तेव्हा मला फार तिच्या हातात जावंसं वाटतं.

मित्रांनो, आजीला दवाखान्यात न्याल तेव्हा पुढची खुर्ची तिला द्या. तिला काय हवं आहे ते विचारा. ती लगेच बोलणार नाही. तोवर डॉक्टरांना सांगून मला कपाटातून बाहेर काढा, तिच्या हातात द्या, आणि वाट पाहा.