गाळलेलं पान

शाळेतून निवृत्त झालेल्या बाई दर बुधवारी दुपारी पियानो दुरुस्त करणाऱ्या काकांच्या दुकानात जायच्या आणि त्यांना कादंबरी वाचून दाखवायच्या. काकांना दिसत नव्हतं, पण कान भारी तिखट.

त्या दिवशी कादंबरीतली आई पोटच्या मुलीला सोडून गेली आणि वर म्हणाली, "मला छान झोप लागते." बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी पुढचं पान गुपचूप गाळलं.

"बाई, दोन पानं एकदम उलटलीत," काका म्हणाले.

बाई ओशाळल्या. "असलं वाचवत नाही हो मला. आई अशी असते का कुठे?"

"मी तर तिला दारातही उभं केलं नसतं. पण तिचं ऐकून न घेताच तिला वाईट कसं ठरवू?"

"आणि लेखिकेनं तिचीच बाजू घेतली असेल तर?"

"मग लेखिकेशी भांडू. आधी वाचा तर खरं!"

बाईंनी वाचलं. लेखिकेनं त्या आईला माफही केलं नव्हतं आणि झोडपलंही नव्हतं. ती आई रोज सकाळी दोन कप मांडते आणि एक परत उचलून ठेवते, एवढंच लिहिलं होतं.

"म्हणजे झोपेचं खोटंच होतं!" बाई उसळून म्हणाल्या.

"खोटं कशाला? दोन्ही खरं असेल."

"छे! मुळीच नाही!"

दुकान बंद झालं तरी वाद मिटेना. एकमेकांचा हात धरून दोघं रस्त्याच्या वळणापर्यंत भांडत आणि खदखदून हसत गेली.