देल्मोचा डगला

"कापून टाका, ओलिंदाबाई. रविवारी दुपारी पडदा वर जायचाय." समूहगायकांना शिकवणारे बिगी मास्तर घाईला आले होते.

थिएटरचे कपडे शिवणाऱ्या ओलिंदाने कात्रीला हात लावला नाही. समोर ओरेस्ते पाववाला उभा होता, आणि खेळातल्या सरदाराचा जांभळा मखमली डगला त्याच्या अंगावर पोत्यासारखा लोंबत होता. जर्मनांच्या कैद्यांच्या छावणीतून सुटून त्याला आठ महिने झाले, तरी त्याने अंग धरलं नव्हतं.

डगला देल्मोचा, तिच्या नवऱ्याचा. एरवी तो लाकडाच्या वखारीत राबे आणि हंगामात थिएटरच्या समूहात खर्जात गाई. बेचाळीसच्या उन्हाळ्यात त्याला रशियाच्या आघाडीवर नेलं. पुढच्या जानेवारीनंतर पत्र नाही. मेल्याचा कागदही नाही.

"दुसरा एखादा नाही का?"

"निम्मे कपडे बाँबच्या आगीत गेले. तुम्हीच तर राख झाडलीत."

"आणि हे आले नि डगला अंगात शिरला नाही, तर?"

"तर माझ्या घरचे पडदे काढून नवा शिवा. बायकोला मी समजावीन." एवढं बोलून मास्तर निघून गेले.

लढाईनंतर मांतोव्हात होणारा हा पहिलाच खेळ. विदूषकाची आणि त्याच्या पोरीची ती जुनी संगीतिका ह्याच गावात घडते, त्यामुळे भाजीवालीलाही पाठ.

ओलिंदा टाचण्या लावू लागली. "तिकडे कुणी भेटलं का हो? उंच, भुवईवर वण असलेलं?"

"बाई, गेल्या महिन्यात दुकानातही विचारलंत. मी जर्मनीत होतो. रशिया कुठे नि मी कुठे."

"ठाऊक आहे. तरी विचारते."

ओरेस्ते बाही काढू लागला. "मी नाही घालत हा. राहीन मागे कुठेतरी, शर्टावर."

"गप उभे राहा! दरबारात शर्टावर जातात होय?"

तिने कापड कापलं नाहीच. दोन्हीकडचं चार-चार बोटं आत दुमडलं आणि टाके घातले.

"कुशीत गाठोडं बांधल्यासारखं वाटतंय," ओरेस्ते म्हणाला.

"सोसा."

रविवारी माणसं थिएटरच्या जिन्यांवरही दाटीवाटीने बसली होती. ओलिंदा पडद्याआड उभी राहिली. विदूषक आपल्या पोरीसाठी दाराशी गयावया करत होता आणि सरदारांनी त्याची वाट अडवली होती. त्याआधी सगळे सरदार एकदम गायले होते, तेव्हा तिने डोळे मिटून खर्जाची ओळ कानाने धरली होती. देल्मो होता तेव्हा वीस गळ्यांतून त्याचा गळा तिला निवडता येई. आज ती तिथली रिकामी जागा शोधत होती. ओळ भरलेली होती. कुठेच काही कमी नव्हतं.

टाळ्या थांबेनात.

मग ओरेस्ते कपड्यांच्या खोलीत आला. डगला त्याने दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. "चांगलं झालं ना, बाई?"

"फार चांगलं झालं."

तो गेल्यावर ओलिंदाने गळपट्टी नाकाशी नेली. ओलसर होती. पाववाल्याच्या घामाचा वास येत होता.

तिने डगला उलटा केला आणि खिडकीतल्या उन्हात वाळत घातला.