गाळलेलं नाव

धुकं इतकं दाट होतं की टेकडीच जणू तरंगत होती. मॅक ड्वान घराण्याचा प्रमुख होण्यासाठी फियाख्रा अनवाणी त्या जुन्या शिळेवर उभा राहिला. बापापासून मागे मागे जात त्याला सगळ्या पूर्वजांची नावं पुकारायची होती. पणजोबा डोनलचं तेवढं सोडून. बटाटे कुजून दुष्काळ पडला त्या वर्षी, धर्म बदलणाऱ्यांनाच वाटलं जाणारं वाडगाभर सूप पोरांना मिळावं म्हणून डोनलने धर्म बदलला होता. तेव्हापासून त्याचं नाव कुणी घेत नसे.

"घेतलंस तर मी तिथून उठून जाईन," गॉबनेट आत्याने सकाळीच बजावलं होतं. "तुला वाढवला तो काय चारचौघांत नाक कापून घ्यायला?"

बापाचं नाव धुक्यात विरलं, मग आजोबांचं. ते आजोबा त्या सुपावरच तर जगले होते.

"डोनल," तो कसाबसा पुटपुटला.

मागे आत्याची काठी वाजली. निघालीच ती, असं त्याला वाटलं. पण आवाज जवळ जवळ येत शिळेपाशी थांबला.

"मोठ्याने म्हण, गाढवा," आत्याचा स्वर कापत होता. "माझ्या आजोबांना कमी ऐकू यायचं."