मागच्या गल्लीतलं लेथ

"आज टेंपो नका धाडू. रोल गेले," मिलचा सुपरवायझर फोनवर म्हणाला.

"कुठं गेले?"

"तुमच्याच मागच्या गल्लीत. नवीन लेथ बसलंय ना. म्हाईत न्हाई का तुम्हाला?"

देवानंदला माहीत नव्हतं. जालना एमआयडीसीत लोखंडी सळ्या लाटणाऱ्या मिल दाटीनं उभ्या. त्यांच्या अवजड रोलांच्या खाचा झिजल्या की नव्यानं कापून द्यायच्या, या कामावर त्यानं बारा वर्षं शेड चालवली होती. तो तसाच चालत निघाला.

नव्या पत्र्याच्या शेडला झेंडूचं तोरण होतं. आत लेथवर वाकलेला माणूस पाठमोराच ओळखू आला. राधेश्याम. अकरा वर्षांपासूनचा त्याचा कारागीर. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे म्हणून आठ दिवसांपूर्वी गावाकडं, हसनाबादला गेलेला.

देवानंद उंबऱ्यातच थांबला.

राधेश्यामनं वळून पाहिलं. मशीन बंद केलं.

"आई कशीये?" देवानंदनं विचारलं. भलतंच काहीतरी विचारून बसलो, असं त्याचं त्यालाच वाटलं.

"बरीये. काल पट्टी काढली."

म्हणजे ते खोटं नव्हतं.

"मंग हे का न्हाई सांगितलं मला?"

राधेश्याम खाली बघत म्हणाला, "तुम्ही थांब म्हणले असते दादा, तर मी थांबलो असतो. मंग कवाच न्हाई झालं असतं. इथं गिऱ्हाईक दारात, मिस्तरी दारात. हातात काम असल्यावर किती दिवस दुसऱ्याच्या शेडात ऱ्हायचं?"

देवानंदची नजर सवयीनं लेथवरच्या रोलावर गेली. नवी खाच एका बाजूला खोल उतरली होती.

"पाणसळ हाय का?"

राधेश्यामनं ती आणून दिली. देवानंदनं लेथवर ठेवली. बुडबुडा एका अंगाला सरकला. तो गुडघ्यावर बसला, मशीनच्या पायाखाली पत्र्याच्या दोन पट्ट्या सारल्या आणि बुडबुडा मध्यावर येईपर्यंत उठला नाही.

"आता बराबर," म्हणाला आणि निघाला.

स्वतःच्या शेडमध्ये येऊन तो राधेश्याम अकरा वर्षं चालवायचा त्या लेथपुढं उभा राहिला. बाह्या वर सारल्या. हात पुढं केला, पण चालू करायचं बटण कुठल्या बाजूला आहे, ते त्याला आठवेना.