बाकीचं नेहमीचं

‘गाठोडं’ ही शहरातल्याच एका छोट्या कंपनीनं उभी केलेली प्रणाली. कोणतंही सॉफ्टवेअर मागा, ती ते त्याच्या सगळ्या लवाजम्यासकट आणून तुमच्या संगणकावर बसवायची. पण प्रत्येक पॅकेजची ओळख बारा ओळींत लिहावी लागे, आणि त्यातल्या बहुतेक सगळीकडं सारख्याच. म्हणून जो तो कंपनीतल्या बद्रीनाथची जुनी फाइल उचले आणि पॅकेजचं नाव बदले. देखभाल कोणाकडं, ती ओळ बदलायची मात्र राहून जाई. बद्रीनाथ कधीचा ही नोकरी सोडून चितेगावच्या कारखान्यात लागला होता, तरी लोकांच्या तक्रारी त्यालाच जात.

‘गाठोडं’वरच काम करणाऱ्या प्रांजलीनं प्रस्ताव मांडला: नाव, आवृत्ती आणि देखभाल कोणाकडं, एवढंच एका ओळीत लिहा. वेगळं काही असेल तर तेवढं सांगा. बाकीचं नेहमीचं धरा.

बैठक ऑनलाइन होती. प्रांजलीच्या मांडीवर तापातून नुकतीच उठलेली लेक ज्ञानेश्वरी, आणि कान रस्त्याकडं. या नव्या वसाहतीत नळ पोचलेच नव्हते, आणि असल्या दुष्काळात टँकरचा काय नेम!

“बाळंतपणाच्या रजेवरून आली नाही तोच शॉर्टकट?” प्रमुख सोमनाथ सर हसले. “अगं, पूर्ण लिहिलं की माणूस शिकतो.”

“काय शिकतो सर? बद्रीनाथचं नाव?”

माइक बंद करायला विसरलेलं कुणीतरी खिदळलं. सरांचा चेहरा उतरला.

“मागं घे तो प्रस्ताव. नामंजूर झालेला दिसला, तर तुझं इथलं पुढचं अवघड होईल.”

रजेनंतर तिला कामावर ठेवायचं की नाही, ते सरांच्याच हातात होतं.

तेवढ्यात सासूबाई, कस्तुराबाई, अंगणातून ओरडल्या, “पोरी, टँकर आलाय! पाइप धर की!”

“तुम्हीच धरा आत्या, मी भांडतेय!”

“मंग नीट भांड! अर्धवट सोडू नको!”

माइक चालूच होता. प्रांजलीचे कान तापले. पण आता झाकायचं तरी काय?

“मागं घेणार नाय, सर. नामंजूर करायचं तर करा. पण कारण लिहा, सगळ्यांना दिसंल असं. तुमच्या नावानं.”

सरांनी कंपनीच्या पानावरचा प्रस्ताव ‘नामंजूर’ म्हणून बंद केला. खाली कारण उमटलं: ‘मांडणारीला फार घाई आहे.’

प्रांजलीनं लेकीला डाव्या कडेवर घेतलं आणि एका हातानं टाइप केलं: ‘घाई आहे, कबूल. आता प्रस्तावात चूक काय, ते सांगा.’

आणि प्रस्ताव पुन्हा उघडला.