बाहोच्या मोकळ्या तारा

आमादो गेला आणि त्याचा बाहो प्रार्थनाघराच्या कोपऱ्यात चादर पांघरून उभा राहिला. बाहो म्हणजे आमच्या तारवाद्यांच्या ताफ्यातलं सगळ्यात थोरलं वाद्य. माणसाहून उंच, चार जाड तारांचं, उभ्यानं वाजवायचं. ईस्टरच्या आधीच्या मंगळवारी आम्ही ख्रिस्ताच्या दुःखाची कथा पहाटेपासून सांजेपर्यंत अखंड गातो, तेव्हा गाणाऱ्यांच्या पायाखालची जमीन म्हणजे हा बाहो. देवाची कथा वाचली तर डोक्यात जाते, गायली तर छातीत उतरते. आणि खालून बाहो लागला की ती तिथंच मुक्काम करते, असं मी मानतो.

आमादोच्या घराण्याचा नवस होता : घरात माणूस आहे तोवर या कथेला बाहो घरचाच वाजेल. एकतीस वर्षं त्यानं तो पाळला. आता घरात उरली त्याची बायको, सियाना.

ईस्टरआधीचे उपवास राखेच्या बुधवारी सुरू होतात; त्याच दिवशी, कपाळावरची राख पुसायच्या आत, ती माझ्या दारात हजर. केळीच्या पानात चिकट भात बांधून विकते ती. हाताला खोबऱ्याचा वास होता.

"माएस्त्रो," संगीत शिकवणाऱ्याला आमच्याकडे असंच म्हणतात, "मला बाहो शिकवा. चाळीस दिवस आहेत."

"अगं, अठ्ठावनावं लागलं तुला."

"म्हणून तर आजच आले."

तेबान आमच्या ताफ्याचा म्होरक्या, चाल धरणारं छोटं तारवाद्य, बांदुरिया, वाजवतो. त्यानं ऐकलं आणि हसला. "बाहो तिच्याहून हातभर उंच आहे! त्यापेक्षा कीबोर्ड आणू. कळ दाबली की बाहोचा आवाज निघतो."

"नवसही कळ दाबून फिटतो का हो?" सियाना म्हणाली.

तेबाननं मान्य केलं, पण अट घालून. झावळ्यांच्या रविवारी, कथेच्या दोन दिवस आधी, तो ऐकणार. नाही जमलं, तर कीबोर्ड.

आता शिकवायचं कसं? मी शिकलो ते गावच्या बँडमधल्या एका म्हाताऱ्याकडे. तीन महिने त्यानं मला नुसती एकच तार ओढायला लावली होती. तेवढे दिवस इथं होतेच कुठे? मग मी पेटीतलं बाहो शिकायचं पुस्तक काढलं. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे बाहोच्या मानेवर पांढऱ्या चिकटपट्ट्या लावल्या : पहिली पट्टी पहिल्या बोटाची, पुढची दुसऱ्याची, मग करंगळीची. आणि तोंडानं एक, दोन, तीन, चार.

दोन आठवडे गेले. मोजायला लागली की तिचं वाजवणं थांबे, वाजवायला लागली की मोजणं. बोटांना फोड आले, तर खोबरेल लावून परत हजर. मी म्हटलं, "उद्या सुट्टी घे." ती म्हणाली, "ख्रिस्तानं क्रूस वाहताना घेतली होती का?"

एका दुपारी मीच तिच्या घरी गेलो. ती ओसरीवर भाताच्या पुड्या जोडीजोडीनं बांधत होती आणि तोंडानं कथेच्या ओळी चालू होत्या. मी दाराशीच थबकलो. ओळ संपायच्या जागी तिचा हात दोरी आवळत होता. प्रत्येक ओळीला एक गाठ, आणि प्रत्येक गाठ नेमकी जिथं आमादोची तार वाजायची तिथं. कुणी मोजत नव्हतं. पोरवयापासून ती ही कथा गातेय. ताल तिच्या श्वासात होता. आणि मी शहाणा तिला आकडे शिकवत होतो!

"सियाना, पुस्तक मिटलं," मी म्हणालो. "डावा हात खिशात. गा, आणि गाठ मारतेस तशी तार ओढ."

आमच्या चालीला खालून तीनच सूर लागतात, आणि बारीक बाजूच्या तीन तारा मोकळ्याच, डाव्या हातानं न दाबता, छेडल्या की ते तिन्ही मिळतात. सगळ्यात जाड चौथीला हातही लावायचा नाही. दहा दिवसांत तिचा बाहो बोलायला लागला.

रविवारी तेबान कान देऊन बसला. "डाव्या हाताला रजा? अर्धाच बाहो शिकवलास."

"थोडं शिजवलंय, पण कच्चं नाही," मी म्हणालो.

"बरं. पण कीबोर्ड बाकावर राहील. कथा कुणासाठी थांबत नाही."

मंगळवारी पहाटे सियानानं पहिली तार ओढली. दुपारपर्यंत सारं सुरळीत चाललं. मग गाणाऱ्यांची पाळी बदलली आणि शेजारच्या वस्तीतल्या दोघी गायला बसल्या. ताज्या दमाच्या बाया; पहिल्या ओळीलाच सूर एक पायरी वर चढवला. तेबानची बांदुरिया लगेच मागोमाग गेली. सियानाची तार मात्र खालीच वाजली, भांडल्यासारखी. तिनं हात उचलला.

बाहो मुका झाला. दोघी गातच होत्या. तेबाननं बाकाकडे पाहिलं आणि मी अर्धवट उठलो. या दगाफटक्याचा विचार मीच केला नव्हता.

सियानाचे ओठ मात्र हलत होते. तिनं जाड तार चाचपली; जुळली. शेजारची ओढली, तीही जुळली. तिसरा सूर कुठल्याच मोकळ्या तारेवर नव्हता. तिची नजर बाहोच्या मानेवर गेली. पट्ट्या काढायचं मी विसरलो होतो.

डावा हात खिशातून बाहेर आला. दोरी आवळणारं ते पहिलं बोट पहिल्या पट्टीवर दाबून बसलं. सूर घोगरा निघाला. पुढच्या कडव्याला तोच सूर स्वच्छ निघाला, आणि गाणाऱ्या दोघींचे खांदे सैल पडले. तेबाननं बाकाकडे पाठ फिरवली.

सांजेला शेवटचं कडवं संपलं. तेबान स्वतः आल्याचा गरम काढा घेऊन आला. "घ्या, बाहोवाल्या बाई."

तिनं पेला उजव्या हातात घेतला. डाव्याचं बोट लालबुंद सुजलं होतं. मी पट्ट्या सोलायला पुढे झालो, तर तिनं माझा हात बाजूला सारला.

"राहू द्या, माएस्त्रो. उद्या दुसरी पट्टी शिकवा."

"उद्या? अगं, वर्ष पडलंय आता."

"आणि पुढल्या वर्षी त्या अजून एक पायरी चढल्या तर?"